कैलासवासी माधवराव महाराज शिंदे आणि त्यांचे सिंह

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सिंह नाही. परंतु बिबट्या आहे, आणि तो सर्वांच्या ओळखीचा आहे. जयगडच्या खाडीपासून शास्त्री नदीच्या काठाने संगमेश्वराकडील डोंगरांपर्यंत जी गावे व वाड्या पसरलेल्या आहेत, तेथील वडील मंडळी त्यास सरसकट वाघ असेच म्हणतात. तो रात्री कुत्र्याच्या अथवा वासराच्या मागे वस्तीपर्यंत येतो आणि कठडा नसलेल्या विहिरीत कित्येकदा पडतो. सकाळी पाणी भरावयास गेलेल्या माणसास आतून गुरगुरणे ऐकू येते. गाव जमा होते, वनखात्याची माणसे येतात, पिंजरा विहिरीत सोडला जातो आणि भिजलेले, दमलेले ते जनावर वर काढून पुन्हा रानात नेऊन सोडण्यात येते. जे जनावर जखमी अगर वृद्ध झाल्यामुळे रानात जगू शकणार नाही, त्यास मात्र आयुष्यभर सांभाळावे लागते. याचसाठी पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र चालविले जाते.

अशा केंद्रात जाळीमागे येरझारा घालणारा बिबट्या पाहिला म्हणजे विचारी मनुष्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. या प्राण्यास येथे का यावे लागले, हा पहिला. आणि यास पुन्हा मोकळे करणे शक्य आहे काय, हा दुसरा. हे प्रश्न आजचे नव्हेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी राजाने मोठ्या हौसेने व पुष्कळ द्रव्य खर्चून परदेशाहून सिंह आणविले, ते उंच भिंतींच्या आवारात सांभाळले आणि पुढे आपल्या राज्यातील रानात मोकळे सोडले. तो प्रयत्न फसला. परंतु थोर पुरुषांच्या यशापासून जितके शिकता येते, तितकेच त्यांच्या अपयशापासूनही शिकता येते. म्हणून त्या राजाचे, म्हणजे ग्वाल्हेरचे कै. माधवराव महाराज शिंदे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात राणोजी शिंदे नावारूपास आले. त्यांचे पुत्र महादजी यांनी इ. स. १७६१ च्या पानिपतच्या आघातानंतर उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा दरारा पुन्हा बसविला, हे आपण इतिहासात शिकतोच. महादजींचा अंत इ. स. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे झाला. त्यांच्या मागून आलेल्या दौलतरावांच्या काळात ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी झाली. सह्याद्रीच्या पायथ्यापासून निघालेले हे घराणे अशा रीतीने चंबळेच्या खोऱ्याशी कायमचे निगडित झाले. तथापि घरातील भाषा, सण आणि रीतिरिवाज यांत मराठी वळण पुष्कळ अंशी टिकून राहिले.

याच घराण्यातील जयाजीराव महाराजांच्या पोटी २० ऑक्टोबर १८७६ रोजी माधवरावांचा जन्म झाला. जयाजीरावांनी दोनच वर्षांपूर्वी, इ. स. १८७४ मध्ये, जयविलास नावाचा भव्य राजवाडा बांधून पुरा केला होता. त्या वैभवात राजपुत्राचे बालपण गेले. परंतु पितृसुख त्यास फार काळ लाभले नाही. इ. स. १८८६ च्या जून महिन्यात जयाजीराव निवर्तले. त्या वेळी माधवरावांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. राज्याचा कारभार मंडळाकडे सोपविण्यात आला आणि बालराजाचे शिक्षण सुरू झाले. इ. स. १८९४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची पूर्ण मुखत्यारी त्यांच्या हाती आली.

तरुण महाराजांचा पिंड ऐषारामी संस्थानिकाचा नव्हता. यंत्रांचे त्यांस विलक्षण वेड होते. राजवाड्याच्या बागेत त्यांनी लहानशी आगगाडी घातली आणि ती स्वतः चालवून पाहिली. या खेळातूनच पुढे एक मोठे लोकोपयोगी काम उभे राहिले. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ग्वाल्हेर लाइट रेल्वे इ. स. १८९९ मध्ये जनतेसाठी खुली झाली आणि इ. स. १९०९ पर्यंत तिचा एक फाटा थेट श्योपूरपर्यंत पोहोचला. सुमारे दोनशे किलोमीटरचा हा अरुंद मार्ग इ. स. २०२० पर्यंत गोरगरिबांची ने-आण करीत होता. जेवणाच्या टेबलावर रुळ मांडून त्यांवरून पाहुण्यांपर्यंत पेये पोहोचविणारी महाराजांची चांदीची आगगाडी तर जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयातील मोठे आकर्षण ठरली आहे. लहान मुले ती पाहून हरखून जातात; परंतु त्याच छंदाने शेकडो खेडी एकमेकांस जोडली, हे वडीलधाऱ्यांनी त्यांस सांगावयास हवे.

शिक्षण व आरोग्य यांकडेही त्यांचे लक्ष होते. सरदारांच्या मुलांस शिस्तीचे शिक्षण मिळावे म्हणून इ. स. १८९७ मध्ये त्यांनी जी शाळा काढली, तीच पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंदिया स्कूल या नावाने देशभर प्रसिद्धीस आली. आपल्या वडिलांच्या नावे त्यांनी राजधानीत मोठे रुग्णालय उभारले. इ. स. १९०० मध्ये चीन देशात युद्ध पेटले, तेव्हा जखमी सैनिकांसाठी त्यांनी एक सुसज्ज रुग्णनौका दिली व स्वतःही तिकडे गेले. पुढे इ. स. १९१४ च्या महायुद्धातही संस्थानिकांच्या वतीने जी रुग्णनौका सज्ज करण्यात आली, तिच्या कामी माधवराव महाराजच पुढाकार घेणारे होते. त्यांचा स्वभाव विनोदी असे आणि पाहुण्यांची फजिती करण्यात त्यांस मोठी मौज वाटे. परंतु कामाच्या वेळी ते कठोर असत. गावोगाव स्वतः फिरून कामाची तपासणी करावयाची, ही त्यांची रीत होती.

अशा कर्तबगार पुरुषास एक जबरदस्त छंद होता, तो शिकारीचा. आज आपणास तो रुचणार नाही. परंतु त्या काळी शिकार हे राजेपणाचे लक्षण समजले जात असे. व्हाइसरॉय अथवा परदेशी राजपुत्र पाहुणे म्हणून आले की त्यांस वाघ मारून देणे हा पाहुणचाराचा भागच होता. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस शिवपुरी येथे महाराजांची उन्हाळी राजधानी होती. भोवताली दाट जंगल, मध्ये तलाव आणि जंगलात वाघ अशी ती जागा. वाघाची शिकार कशी करावी याविषयी महाराजांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्यांच्या व त्यांच्या पाहुण्यांच्या बंदुकींस किती वाघ बळी पडले असतील, याचा हिशेब मनास खिन्न करणारा आहे.

आता सिंहांकडे वळू. एके काळी सिंह हा केवळ काठेवाडातील प्राणी नव्हता. सिंध, पंजाब, दिल्लीचा परिसर, राजपुताना आणि मध्य हिंदुस्थान येथपर्यंत त्याचा संचार असे. वाघ दाट झाडीत लपून राहतो. सिंह उघड्या माळरानावर व विरळ जंगलात कळपाने राहतो. त्यामुळे बंदुका सुधारल्या तसा तो आधी नाहीसा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेर राज्याच्या आसपासचे शेवटचे सिंहही मारले गेले आणि साऱ्या आशिया खंडात जुनागड संस्थानातील गीरचे जंगल हाच काय तो सिंहांचा मोठा आसरा उरला. तेथेही त्यांची संख्या फारच थोडी राहिली होती. जुनागडच्या नबाबांनी त्यांस संरक्षण दिले. लॉर्ड कर्झन इ. स. १९०० मध्ये जुनागडास गेले, तेव्हा सिंहांची ही अवस्था जाणून त्यांनी शिकारीचा ठरलेला बेत रद्द केला.

ग्वाल्हेरच्या रानात पुन्हा सिंहाची गर्जना व्हावी, ही कल्पना कर्झनसाहेबांच्या सूचनेवरून माधवराव महाराजांनी मनावर घेतली. यात शिकारीची हौस होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि तेवढीच हौस असती, तर त्यांस वाघांची वाण नव्हती. जो प्राणी आपल्या राज्यातून आपल्याच पिढीच्या आधी नाहीसा झाला, तो परत आणावा, हा विचार त्या काळी हिंदुस्थानात नवाच होता. नष्ट झालेली वस्तू पुन्हा उभी करण्याची ईर्षा ज्याच्या ठिकाणी आहे, त्याच्या हेतूत काही तरी मोठे असते, हे मान्य केले पाहिजे.

जुनागडचे सिंह मिळाले नाहीत. तेव्हा महाराजांनी आफ्रिकेकडे दृष्टी वळविली. एका पारशी प्राणितज्ज्ञास या कामी नेमण्यात आले आणि त्या काळच्या मानाने फार मोठी रक्कम खर्चून आफ्रिकेतून सिंह समुद्रमार्गे आणविण्यात आले. काही जनावरे प्रवासातच दगावली. जी जगली, त्यांच्यासाठी शिवपुरी व श्योपूर यांच्या दरम्यान, डोब-कुंडाजवळील रानात, दगडी भिंतींची उंच आवारे बांधण्यात आली. त्यांत सिंहांस खाऊ घालण्यात येई. तेथे त्यांस पिलेही झाली. राजवाड्यातून येणारे पाहुणे हे दृश्य पाहून थक्क होत असतील यात शंका नाही. भिंतीच्या आत वनराज सुखरूप होता आणि भिंतीच्या बाहेर गुराखी सुखरूप होता.

परंतु सिंह कायमचे कोंडून ठेवण्यासाठी महाराजांनी ते आणविले नव्हते. इ. स. १९१६ च्या सुमारास दारे उघडण्यात आली आणि सिंह रानात मोकळे सोडण्यात आले. थोड्याच दिवसांत गावोगावहून तक्रारी येऊ लागल्या. आज एकाची गाय गेली, उद्या दुसऱ्याचा बैल गेला. पुढे माणसेही बळी पडली. घाबरलेल्या लोकांनी रानात जाणे सोडले. सिंहांस पुन्हा पकडण्याचा हुकूम सुटला, पकडलेले काही सिंह कालांतराने परत सोडून पाहण्यात आले. परंतु परिणाम तोच झाला. सिंह दूरदूर पांगले, कोठे कोठे मारले गेले, आणि काही वर्षांत त्यांचा मागमूसही राहिला नाही. एवढा खर्च, एवढे कष्ट आणि एवढी आशा यांचा शेवट हा असा झाला.

या अपयशाची कारणे आज प्राणिशास्त्राच्या आधारे सांगता येतात. पहिले कारण हे की, मनुष्याच्या हातचे मांस खाऊन वाढलेल्या जनावरास मनुष्याचे भय वाटत नाही. रानातील सिंहीण आपल्या पिलांस हरिण कसे हेरावे, वाऱ्याची दिशा कशी ओळखावी आणि दोन पायांच्या प्राण्यापासून दूर कसे राहावे, हे महिनोन् महिने शिकविते. भिंतीच्या आत जन्मलेल्या पिलास हे शिक्षण कोण देणार? त्यास एवढेच ठाऊक असते की, माणूस आला म्हणजे खाणे आले. असे जनावर मोकळे सुटले असता ते वस्तीकडे वळले, यात नवल नाही. त्यास दुष्ट म्हणणे हा अन्याय होईल. आजही माणसाळलेला बिबट्या रानात सोडावयास जाणकार लोक तयार होत नाहीत, याचे कारण हेच आहे. उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची पिले घरी नेऊन दूध पाजण्यापेक्षा त्याच जागी ठेवून आईची वाट पाहावी, असे जुन्नरकडील वनखात्याचे लोक सांगतात, तेही याच अनुभवामुळे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. महाराजांच्या नकाशावर जे रान होते, ते माणसांवाचून रिकामे नव्हते. तेथे सहरिया नावाचे आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, मध व डिंक गोळा करीत होते. गुराखी आपली गुरे चारीत होते. ज्यांच्या दाराशी सिंह येणार, त्यांची संमती विचारण्याची त्या काळी राजेरजवाड्यांत रीत नव्हती. गीरचे जंगल पाहा. तेथे मालधारी नावाचे पशुपालक सिंहांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. त्यांची म्हैस मारली जाते, त्यांस दुःख होते. परंतु सिंहाची चाल व सवय त्यांस ठाऊक असते आणि सिंहासही त्यांची काठी ठाऊक असते. ही ओळख एका दिवसात होत नाही आणि द्रव्याने विकतही मिळत नाही. ग्वाल्हेरच्या रानात सिंह आले, परंतु ही ओळख आली नाही.

याच सुमारास महाराजांवर दुसरा एक आघात झाला. ग्वाल्हेर शहरास पाणी मिळावे म्हणून तिघरा येथे सांक नदीवर त्यांनी मोठे धरण बांधविले होते. त्याचे पाणी रोखणारे दरवाजे प्रसिद्ध अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या योजनेप्रमाणे बसविलेले होते. वरून पाहता काम भक्कम होते. परंतु पायाखालच्या वालुकामय खडकात पाणी मुरत गेले आणि इ. स. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात धरण फुटून खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. सिंहांची गोष्ट व धरणाची गोष्ट वेगळ्या आहेत, हे खरे. तरी दोहोंचा बोध एकच दिसतो. भिंत कितीही उंच असली तरी तिची खरी परीक्षा पायात असते, आणि पाया डोळ्यांस दिसत नाही. धरण पुढे पुन्हा उभारण्यात आले. सिंह मात्र परत आले नाहीत.

या आघातांनी माधवराव महाराज खचून गेले नाहीत. राज्यकारभाराची कामे चालूच होती. महाराष्ट्राचा अभिमान तर त्यांच्या रक्तात होता. पुण्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक व्हावे, या छत्रपती शाहू महाराजांच्या उद्योगास त्यांनी मनापासून साहाय्य केले. इ. स. १९२१ च्या नोव्हेंबरात या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. दुसऱ्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले. पुतळा घडविण्याचे काम कोकणातील सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या हाती होते. अश्वारूढ शिवछत्रपतींचा तो पुतळा इ. स. १९२८ मध्ये पुण्यास उभा राहिला. परंतु तो सोहळा पाहण्यास माधवराव महाराजही उरले नव्हते. प्रकृती बिघडल्यामुळे ते युरोपात गेले असता ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे पुत्र जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. पित्याप्रमाणेच पुत्राच्याही माथी बालपणीच राज्यभार आला.

महाराजांची संगमरवरी छत्री त्यांच्या आवडत्या शिवपुरीस आहे. समोरच त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांची छत्री आहे. माता व पुत्र एकमेकांसमोर कायमचे विसावले आहेत. परंतु त्यांचे खरे स्मारक दगडाचे नाही, रानाचे आहे. ज्या शिवपुरीच्या जंगलात त्यांनी शिकारी केल्या, तेच जंगल स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यास माधव राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. शिकारीच्या हौसेपायी राखून ठेवलेले रान कुऱ्हाडीपासून वाचले, आणि ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्याच वंशजांस ते आश्रयस्थान झाले. मध्यंतरी तेथील वाघ नाहीसे झाले होते. इ. स. २०२३ च्या मार्च महिन्यात तेथे वाघ पुन्हा आणून सोडण्यात आले आणि इ. स. २०२५ मध्ये त्या रानास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

सिंहांच्या रानाची कथा याहून अधिक मननीय आहे. महाराजांच्या आफ्रिकी सिंहांचा जेथे वावर झाला, त्या कुनो नदीच्या खोऱ्यात इ. स. १९८१ मध्ये अभयारण्य करण्यात आले. गीरमधील सर्व सिंह एकाच ठिकाणी असल्यामुळे एखाद्या साथीने त्यांचा समूळ नाश होईल, अशी भीती शास्त्रज्ञांस वाटत होती; म्हणून त्यांच्यासाठी दुसरे घर म्हणून कुनोची निवड झाली. यासाठी चोवीस गावे उठवून अन्यत्र वसविण्यात आली. सहरिया लोकांनी आपल्या पूर्वजांची भूमी सोडली. इ. स. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह कुनोस न्यावेत असा निकाल दिला. परंतु ज्या सिंहांसाठी ही गावे उठली, ते सिंह काही त्या रानात पोहोचले नाहीत. त्यांच्या जागी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले आणि पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. हिंदुस्थानातून चित्ता नाहीसा झाल्याचे इ. स. १९५२ मध्ये जाहीर झाले होते. सत्तर वर्षांनी त्याचे पुनरागमन झाले, आणि ते माधवराव महाराजांच्या जुन्या राज्यात झाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या वेळी मात्र पूर्वीच्या अनुभवाचा काही उपयोग केलेला दिसतो. चित्ते प्रथम कुंपणाच्या आत ठेवून हळूहळू मोकळे करण्यात आले. प्रत्येकाच्या गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेजारच्या गावांतील शेकडो लोकांस चित्ता-मित्र म्हणून तयार करण्यात आले. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे, तो शेतात दिसला तर काय करावे, कोणास कळवावे, हे त्यांनी आपल्या गावास समजावून द्यावयाचे. तरीही सर्व काही सुरळीत झाले असे नाही. कित्येक चित्ते दगावले, कित्येकांस तेथेच पिले झाली. अशा कामात यश व अपयश हातात हात घालून चालतात.

विद्यार्थी मित्रहो, माधवराव महाराजांपाशी काय नव्हते? अधिकार होता, द्रव्य होते, बुद्धी होती, कामाचा उरक होता आणि हेतूही सर्वस्वी वाईट नव्हता. तरी त्यांचे सिंह जगले नाहीत, कारण ज्या गुराख्याच्या गाईवर सिंह जगणार होता, त्या गुराख्याचा विचार आधी झाला नाही. हिंस्र पशूस वाचवावयाचे असेल तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या गरीब माणसास आधी निर्भय केले पाहिजे. त्याची गाय गेली तर तिची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. त्याचे मूल संध्याकाळी शाळेतून सुखरूप घरी आले पाहिजे. असे झाले नाही, तर कायदा कितीही कडक असला तरी रागाच्या भरात एक दिवस विषाचा तुकडा पडतो किंवा फासा लागतो, आणि जनावर जाते.

महाराजांनी सिंहांसाठी उंच भिंती बांधल्या. आपणास तशा भिंती बांधण्याची गरज नाही आणि आपली ऐपतही नाही. आपल्या गावातील उघड्या विहिरीस कंबरेएवढा कठडा बांधला, गोठ्याचे दार रात्री घट्ट लावले, कोंबड्यांचा व कुत्र्यांचा बंदोबस्त केला, गावाच्या कडेस मेलेली जनावरे व उकिरडे साचू दिले नाहीत, आणि बिबट्या दिसला असता त्यास घेरून दगड मारण्याऐवजी वाट मोकळी करून वनखात्यास कळविले, तर कितीतरी बिबटे पिंजऱ्याचे तोंडही पाहणार नाहीत. माणिकडोहसारख्या ठिकाणी जखमी जनावरांची जी सेवा होते, ती निःसंशय स्तुत्य आहे. परंतु ज्या गावातील एकही बिबट्या त्या निवाऱ्यास न्यावा लागला नाही, त्या गावाने त्याहून मोठे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

डोब-कुंडाच्या रानात बांधलेल्या त्या भिंतींना शतक उलटून गेले. त्या पाहणाऱ्यास महाराजांच्या वैभवाची आठवण होईल, तशीच एका मोठ्या मनाच्या माणसाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेचीही होईल. ती इच्छा पुरी करण्याचे काम राजांचे राहिलेले नाही. राजे गेले, संस्थाने गेली. रान आणि त्याच्या कडेची गावे राहिली आहेत. म्हणून ते काम आता गावकऱ्यांचे, म्हणजेच आपले व आपल्या आईवडिलांचे आहे.